मुसळधार पावसात जिम कोणी घेतली?

पावसाळा सुरू झाला की पोकेमॉन गो खेळणाऱ्या वाचकांची पत्रे वाढतात आणि त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे असतो. घराबाहेर पाऊल टाकणेही अवघड असताना एखादी जिम हातची गेली, तर ती घेणारा प्रत्यक्ष तेथे होता की खोटे लोकेशन दाखवून (म्हणजे ‘स्पूफिंग’ करून) भलतीकडेच बसला होता, हे कसे ओळखायचे? अशी चार पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे देत आहोत. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

हा खेळ न खेळणाऱ्यांसाठी एवढेच सांगणे पुरेसे आहे की, त्यात पोकेमॉन नावाचे काल्पनिक प्राणी पकडायचे असतात, आणि फोनवरील नकाशावर देवळे, पुतळे, बागा अशा खऱ्या ठिकाणी खेळातील वस्तू देणारे पोकेस्टॉप आणि आपले पोकेमॉन बसवून ताब्यात ठेवायच्या जिम असतात. खेळाडू त्या जागेच्या 80 मीटरच्या आत असला तरच त्याला तेथे काही करता येते. मिस्टिक, व्हॅलर आणि इन्स्टिंक्ट या तीन टीम जिमच्या ताब्यासाठी झगडतात. नायँटिक कंपनीने जुलै 2016 मध्ये हा खेळ आणला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो भारतात अधिकृतपणे आला, आणि 2025 पासून तो स्कोपली या कंपनीकडे आहे.

प्रश्न : आमच्या भागात तलावाकाठी एक जिम आहे. हवामान खात्याने रेड अलर्ट दिलेला होता, रस्त्यांवर पाणी होते, आणि रात्री दोनच्या सुमारास ती जिम दुसऱ्या टीमने पाडली. सकाळपर्यंत आसपासच्या आणखी दोन जिम गेल्या. तिन्ही ठिकाणी नाव एकच. अशा पावसात माणूस बाहेर पडणे शक्यच नाही. हा स्पूफर असल्याचे आम्ही ग्रुपवर जाहीर करावे का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : जाहीर करू नये. आपला राग मात्र मला पूर्णपणे समजतो. जो खेळाडू हवामान खात्याचा इशारा मानून घरात राहतो त्याची जिम जावी, आणि जो नियम मोडून घरबसल्या नकाशावर उड्या मारतो त्याच्याकडे ती जावी, हा अन्याय आहे. चालत जाऊन खेळण्याच्या खेळात यापेक्षा मोठी फसवणूक मला दिसत नाही. पण आपल्या पत्रात जो पुरावा आहे तो पावसाचा आहे, त्या खेळाडूचा नाही.

रात्रीचे दोन, रेड अलर्ट, पाणी भरलेला रस्ता या तिन्ही गोष्टींवरून एवढेच कळते की, दुरून चालत येणे अवघड होते. जिमपासून 80 मीटरच्या आत ज्याचे घर आहे त्याला चालत यावे लागत नाही. तो अंथरुणात पडल्या पडल्या जिम पाडू शकतो, आणि त्यात कोणताही नियम मोडला जात नाही. ठाण्यासारख्या दाट वस्तीत एकाच इमारतीच्या गॅलरीतून दोन जिम आवाक्यात येणे ही नवलाची गोष्ट नाही, आणि तिसरी पुढच्या चौकात असेल तर दोन सरींच्या मधल्या उघडिपीत तेथवर जाता येते. शिवाय रात्रपाळीचा सुरक्षारक्षक, रुग्णालयातील कर्मचारी, रिक्षात अडकून पडलेला प्रवासी अशी माणसे पावसातही जागी आणि बाहेर असतातच.

पावसाळी रात्री जिम पाडणे सोपे होण्याचे आणखी एक कारण खेळातच आहे. जिममध्ये बसवलेल्या पोकेमॉनचे बळ वेळ जाईल तसे घटत जाते आणि बेरी खाऊ घातल्याशिवाय ते भरून येत नाही. आपल्या टीमचे सगळे जण झोपलेले असतील आणि संध्याकाळपासून कोणी बेरी दिली नसेल, तर जिम राखणारे सहाच्या सहा पोकेमॉन एकटा खेळाडू थोड्या वेळात काढू शकतो. उलट दिशेनेही हाच घोटाळा होतो. आपला पोकेमॉन ज्या जिममध्ये आहे तिला कोठूनही बेरी देता येते, त्यामुळे पडत आलेली जिम भर पावसात पुन्हा पुन्हा सावरताना दिसली की लोक लगेच स्पूफिंगचा संशय घेतात, आणि बेरी देणारा मात्र नियमाप्रमाणे आपल्या घरून खेळत असतो.

हेही लक्षात घ्यावे की, पावसात बाहेर पडण्याचे आमिष खेळच दाखवतो. डिसेंबर 2017 पासून खेळातील हवामान खऱ्या हवामानाशी जोडलेले आहे. पाऊस असेल तर पाणी, वीज आणि कीटक या प्रकारचे पोकेमॉन अधिक दिसतात, अधिक बलवान मिळतात आणि त्यांना पकडल्यावर पोकेमॉनचे बळ वाढवणारी स्टारडस्टही जास्त मिळते. त्यामुळे ‘एवढ्या पावसात कोण येणार’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ‘पाऊस आहे म्हणूनच आलेला खेळाडू’ असे असते.

मग पुरावा कशाला म्हणायचे? अंतर आणि वेळ यांचा मेळ बसत नसेल तर संशयाला खरा आधार मिळतो. एकाच नावाने रात्री 2 वाजता ठाण्यात आणि 2 वाजून 10 मिनिटांनी नागपुरात जिम घेतली असेल, तर सरळ रेषेत साडेसहाशे किलोमीटरहून अधिक असलेले हे अंतर कोणतेही वाहन त्या वेळात कापू शकत नाही. तेथेही एक शक्यता उरते, ती म्हणजे दोन शहरांतील दोघे जण एकच खाते वापरत असण्याची. तेही नियमाविरुद्ध आहे, पण ते स्पूफिंग नव्हे. मित्राकडून आलेल्या गिफ्टवरील ठिकाणावरून तर कोणताच निष्कर्ष काढू नये, कारण एखाद्या गावी घेतलेले गिफ्ट बॅगेत ठेवून पुढे केव्हाही पाठवता येते.

आपण एवढे करावे : जिमचे नाव, खेळाडूचे नाव आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घेऊन ठेवावेत, अशक्य अंतराची एखादी जोडी सापडली तर खेळाच्या मदत विभागातून तक्रार करावी, आणि ग्रुपवर मौन पाळावे. त्या खात्याच्या हालचालींची नोंद कंपनीकडे असते. आपल्याला त्यातील दोन-तीन ठिपकेच दिसतात. ठिपके जोडून चित्र पुरे करण्याचा मोह पावसाळी रात्री फार होतो, आणि त्यात शेजारच्या इमारतीतील एखादा प्रामाणिक खेळाडू भरडला जातो.

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. जोराच्या पावसात आमच्याकडे वीज गेली होती आणि तो घरातच बसून खेळत होता. त्या वेळी त्याची खेळातील आकृती नदीपलीकडे जाऊन पुन्हा घरी येत होती. त्याने गंमत म्हणून त्याचा व्हिडिओ मित्रांना पाठवला, तर त्यांनी त्यालाच ‘फेक जीपीएस वापरतोस’ म्हणून ग्रुपमधून काढले. तो शपथेवर नाही म्हणतो. पावसाने असे होऊ शकते का? — एक आई, पुणे

उत्तर : होऊ शकते, आणि आपला मुलगा खरे बोलत असण्याचीच शक्यता अधिक आहे. यात दोष पावसाच्या पाण्याचा नसतो. पावसामुळे जी परिस्थिती ओढवते, तिच्यामुळे असे घडते.

जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून संदेश पाठवतात. फोन प्रामुख्याने जी लहर ऐकतो तिची वारंवारता 1575.42 मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे तिची लांबी साधारण 19 सेंटिमीटर भरते. काही मिलिमीटरचे पावसाचे थेंब एवढ्या लांब लहरीला जवळजवळ अडवतच नाहीत आणि ढगही तिच्या वाटेत येत नाहीत. मुसळधार पावसात डिश टीव्हीचे चित्र जाते हे आपण पाहिले असेल. ती लहर दहा गिगाहर्ट्झच्या वरची आणि दोन-तीन सेंटिमीटरची असते, म्हणून पाऊस तिला क्षीण करू शकतो. या अनुभवावरून अनेकांना वाटते की जीपीएसही पावसात बिघडत असेल, पण मोकळ्या मैदानात भर पावसात उभा असलेला चांगला फोन आपली जागा उन्हात दाखवतो तशीच, सुमारे पाच मीटरच्या फरकाने दाखवतो. दाट झाडीखाली ओल्या पानांमुळे थोडा फरक पडतो, इतकेच.

खरी अडचण अशी की, पावसात माणूस मैदानात नसतो, सिमेंट-काँक्रीटच्या घरात असतो. उपग्रहाचा संदेश जमिनीवर पोहोचेपर्यंत अतिशय क्षीण झालेला असतो. स्लॅब, त्यातील लोखंडी सळ्या आणि भिंती यांतून तो आत येता येता उरतच नाही, किंवा समोरच्या इमारतीवर आपटून लांबच्या वाटेने खिडकीतून शिरतो आणि फोनला चुकीचे अंतर सांगतो. अशा वेळी फोन दुसरे साधन वापरतो. आजूबाजूला कोणकोणते वायफाय राउटर ऐकू येतात आणि कोणता मोबाइल टॉवर जवळ आहे, यांवरून तो आपल्या जागेचा अंदाज बांधतो. एरवी शहरात हा अंदाज बरा असतो, कारण प्रत्येक मजल्यावर चार-पाच राउटर सापडतात.

आता आपल्या घरची वीज गेली. आपल्याबरोबर सगळ्या गल्लीची गेली असेल, तर सगळे राउटर एका क्षणात बंद पडले. फोनच्या हाती फक्त टॉवर उरले. त्यांतीलही एखादा वीज नसल्यामुळे किंवा गर्दीमुळे प्रतिसाद देईनासा झाला की फोन दूरच्या, कदाचित नदीपलीकडच्या टॉवरला जोडला जातो. टॉवरवरून काढलेला अंदाज काहीशे मीटर, कधी त्याहूनही अधिक चुकतो. त्यात मध्येच एखाद्या उपग्रहाचा संदेश खिडकीतून मिळाला की आकृती घरी परतते, तो तुटला की पुन्हा निघते. आपण वर्णन केलेला खेळ हाच आहे. खेळाडू त्याला ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. भाडेकरू दुसऱ्या गावाहून जुना राउटर घेऊन येतो तेव्हा तर याहून चमत्कारिक प्रकार घडतो. त्या राउटरची जुनी जागाच नोंदलेली असल्यामुळे शेजाऱ्यांचे फोन काही काळ त्या गावी असल्यासारखे वागतात.

ड्रिफ्ट आणि स्पूफिंग यांत फरक ओळखता येतो. ड्रिफ्टमधील आकृती रस्ता पाळत नाही, नदी-इमारतींवरून वेडीवाकडी झेपावते आणि सतत एकाच मूळ जागेकडे परत येते. तिला कोठे जायचे नसते. स्पूफर मात्र नेमका जिमजवळ जातो, तेथे काम आटोपतो आणि पुढच्या जिमकडे निघतो. आपल्या मुलाने स्वतः व्हिडिओ काढून पाठवला, हीही गोष्ट मी त्याच्या बाजूने मोजतो.

एक गोष्ट मात्र त्याला समजावून सांगावी. आकृती आपोआप भरकटत गेली आणि वाटेत जिम हाताशी आली तर त्यात त्याचा दोष नाही. पण फोन मुद्दाम घराच्या आतल्या खोलीत ठेवून, ड्रिफ्टच्या जोरावर दूरच्या जिम घेण्याची सवय लागली तर ती फसवणूकच होय, मग त्यासाठी कोणतेही ॲप लागलेले नसो. वीज गेलेली असताना त्याने खिडकीजवळ बसून खेळावे, फोनमध्ये अचूक लोकेशनची परवानगी चालू ठेवावी, आणि डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘मॉक लोकेशन’साठी (खोटे लोकेशन दाखवण्यासाठी) कोणतेही ॲप निवडलेले नाही हे पाहावे. मित्रांना तीच निवड दाखवली तर बोलणे लवकर संपेल. त्याला ग्रुपमधून काढणाऱ्या मुलांच्या पालकांशी आपण स्वतः बोललात तर अधिक चांगले. या वयात ‘चीटर’ हा शिक्का खेळाबाहेरही मुलाच्या मागे लागतो.

प्रश्न : पावसाचे चार महिने आमच्याकडे खेळणेच थांबते. तेवढ्यापुरते फेक जीपीएस वापरले तर कोणाचे काय बिघडते? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपल्याच तालुक्यातील त्या खेळाडूचे बिघडते, जो तितक्याच पावसात अडकलेला आहे आणि फेक जीपीएस वापरत नाही. जिममधला पोकेमॉन दर दहा मिनिटांना एक कॉइन (खेळातील नाणे) मिळवतो आणि दिवसाला 50 कॉइनची मर्यादा आहे. गावात दोन-तीनच जिम असतील आणि त्या कोणीतरी घरात बसून सतत आपल्याकडे ठेवत असेल, तर पाऊस थांबल्यावर छत्री घेऊन अर्धा किलोमीटर चालत आलेल्या मुलीला जागाच उरत नाही. नायँटिकने जाहीर केलेल्या धोरणाचे तीन टप्पे आहेत. पहिल्यांदा सुमारे सात दिवसांचा इशारा मिळतो आणि त्या काळात दुर्मीळ पोकेमॉन दिसेनासे होतात, दुसऱ्यांदा सुमारे 30 दिवस खाते बंद राहते, आणि तिसऱ्यांदा ते कायमचे जाते. बदल केलेली ॲप उतरवून त्यांत आपला पासवर्ड टाकण्याचा धोका वेगळाच. अशी ॲप बनवणाऱ्या ग्लोबल++ या गटावर 2019 मध्ये कंपनीने अमेरिकेत खटलाही भरला होता.

घरातून नियमात राहून करण्यासारखे बरेच आहे. रेड म्हणजे अनेकांनी मिळून एका बलाढ्य पोकेमॉनशी केलेली लढाई; तीत घरून भाग घेऊ देणारा रिमोट रेड पास 2020 च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीच्या काळात आला आणि तो आजही आहे. बॅटल लीगचे सामने घरातून खेळता येतात, आणि आपल्या जिमला दुरून बेरी देता येतात.

आपल्या पत्रामागील गाऱ्हाणे मात्र रास्त आहे. खेळ तयार करणाऱ्यांनी कोकणातला पाऊस डोळ्यांसमोर ठेवलेला नाही, आणि ज्यांना आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे बारा महिने बाहेर पडता येत नाही, त्यांची तर अडचण याहून मोठी आहे. 2020 मध्ये पोकेस्टॉप आणि जिमचा आवाका 40 मीटरवरून 80 मीटर करण्यात आला. ऑगस्ट 2021 मध्ये काही देशांत तो पुन्हा कमी केला, तेव्हा जगभरच्या खेळाडूंनी एकत्र येऊन उघड मागणी केली आणि त्याच महिन्यात कंपनीने 80 मीटर कायम केले. नियम गैरसोयीचा असेल तर तो बदलून घेता येतो, याचे हे या खेळातलेच उदाहरण आहे. माझ्या मते रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातील खेळाडूंनी पावसाळ्यासाठी सवलत मागणारी पत्रे एकत्रितपणे कंपनीला पाठवावीत. चोरून खेळणारा अशी मागणी करू शकत नाही.

प्रश्न : मी आमच्या शहरातील ग्रुपचा ॲडमिन आहे. स्पूफिंगच्या तक्रारींना कंटाळून काही सदस्यांनी नियम सुचवला आहे की, खराब हवामानात जिम घेणाऱ्याने लगेच तेथून फोटो किंवा व्हिडिओ कॉल करून आपण हजर असल्याचे सिद्ध करावे. न केल्यास ग्रुपमधून काढावे. नियम करावा का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कृपया करू नये. या चार पत्रांपैकी मला सर्वांत जास्त काळजी आपल्या पत्राने वाटली.

या नियमामुळे स्पूफर सापडणार नाही, तो ग्रुपमध्येच नसेल किंवा दुसऱ्या नावाने असेल. सापडतील ते घरातून, 80 मीटरच्या आतून खेळणारे. त्यांच्यापुढे दोनच मार्ग राहतील. एक म्हणजे आपण कोठे राहतो हे सर्वांना दाखवणे, आणि दुसरा म्हणजे विजा चमकत असताना खाली उतरून जिमसमोर फोटो काढणे. पहिला मार्ग मुली आणि लहान मुले यांच्यासाठी धोक्याचा आहे. दुसऱ्यात जीव जाऊ शकतो. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात मुंबईत एक नामवंत डॉक्टर घरी चालत जाताना तुंबलेल्या पाण्यातील उघड्या मॅनहोलमध्ये पडून मरण पावले. ज्या रस्त्यावर पायाखालचे दिसत नाही तेथे मोबाइलकडे पाहत कोणालाही चालायला लावणारा नियम आपल्या नावावर असू नये. जिम पुष्कळदा झाडाखाली, तळ्याकाठी, मैदानात किंवा टेकडीवरील देवळापाशी असतात, आणि विजांच्या वेळी टाळाव्यात अशाच या सगळ्या जागा आहेत.

जिओकॅशिंग नावाचा याहून जुना खेळ आहे. 2 मे 2000 रोजी अमेरिकेने नागरी जीपीएसमधील मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यात पहिला डबा लपवला गेला. त्यात शोधणाऱ्याला डब्यातील कागदी वहीत सही करावी लागते, त्यामुळे शंका आली तर वही उघडून पाहता येते, तीही पाऊस थांबल्यावर. पोकेमॉन गोमध्ये अशी वही नाही. तिची उणीव ग्रुपच्या चौकशीने भरून निघत नाही, म्हणून निवाडा कंपनीवर सोडणेच योग्य आहे. कोणाचे नाव, फोन नंबर आणि ‘चोर’ असा शेरा ग्रुपवर फिरला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीची तक्रार होऊ शकते, हेही सुचवणाऱ्या सदस्यांना सांगावे.

नियम करायचाच असेल तर हा करावा : हवामान खात्याने ऑरेंज किंवा रेड अलर्ट दिला असेल तेव्हा ग्रुपवर कोणीही एकत्र जमण्याची रेड ठरवणार नाही, आणि त्या काळात गेलेल्या जिमबद्दलची तक्रार ग्रुपवर घेतली जाणार नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघातील विजांची सूचना देते. ते प्रत्येक सदस्याने फोनमध्ये घ्यावे, अशी ओळ ग्रुपच्या वर्णनात लिहावी. आणि ज्याला तक्रार करायचीच आहे त्याने स्क्रीनशॉट आपल्याकडे खासगीत पाठवावेत. त्यांत अशक्य अंतराची जोडी दिसत असेल तर ती मदत विभागाकडे पाठवण्याचे काम आपण करावे, आणि दिसत नसेल तर तक्रारदाराला तसे स्पष्ट सांगावे.